पहिली बोट, तीही जुनी: सेकंडहँड पॉवरबोट घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं साधारण 5 ते 7 मीटर लांबीच्या, फायबरग्लासच्या, पेट्रोल इंजिनाच्या आणि 15 ते 35 वर्षं वयाच्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. पहिल्यांदा बोट घेणाऱ्याच्या बजेटात बहुधा याच बसतात. डिझेल इंजिनाच्या मोठ्या केबिन बोटींचं गणित वेगळं असतं.

बोट किती जुनी झाली की घेऊ नये?

वयाची अशी रेघ मारता येत नाही. फायबरग्लास कुजत नाही. कुजतं ते त्याच्या आत बंद केलेलं लाकूड. कडक होऊन तडकतात त्या रबरी नळ्या, आणि गंजतात ते इंजिनातले पाण्याचे मार्ग. छपराखाली ठेवलेली, दर हंगामात चालवलेली 30 वर्षांची बोट पावसात उघडी पडलेल्या 10 वर्षांच्या बोटीपेक्षा केव्हाही सरस. म्हणून मालकाला वर्ष विचारून झालं की लगेच दोन गोष्टी विचारा: बोट ठेवता कुठे, आणि शेवटची पाण्यात कधी उतरली?

पहिल्या बोटीसाठी कोणता प्रकार बरा: आउटबोर्ड की स्टर्नड्राइव्ह?

नवख्या माणसाने जुनी बोट घेताना आउटबोर्ड घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. इंजिन बाहेर टांगलेलं असतं, चारही बाजूंनी हात पोहोचतो आणि पेट्रोलची वाफ बोटीच्या पोटात साठण्याचा धोका कमी असतो. इंजिन कामातून गेलं तर काढून दुसरं लावता येतं. शिवाय ते पूर्ण वर उचलता येतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात बुडून राहत नाही.

स्टर्नड्राइव्हमध्ये गाडीच्या इंजिनावर बेतलेलं इंजिन बोटीच्या आत असतं आणि ड्राइव्ह, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा भाग, ट्रान्समला (बोटीच्या मागच्या भिंतीला) भोक पाडून बाहेर काढलेला असतो. जागा छान मिळते, किंमतही कमी दिसते. ती कमी का असते, हे खाली वाचाल.

लांबीचं म्हणाल तर 5.5 ते 6 मीटर पुरे. त्याहून मोठी बोट वाऱ्यात धक्क्याला लावताना आणि ट्रेलरवर चढवताना नवख्याच्या हाताबाहेर जाते. तळाचा आकारही बघा. ट्रान्समपाशी तळाचा कोन 20 ते 24 अंश असेल तर बोट लाटा कापत जाते, पण थांबल्यावर जास्त डोलते आणि पेट्रोलही जास्त पिते. 14 ते 18 अंशांची बोट शांत पाण्यात, खाडीत किंवा तलावात जास्त सोयीची.

बघायला जाण्याआधी फोनवर काय विचारावं?

मागच्या हंगामात चालवली का? पाणी गोडं की खारं? इम्पेलर (इंजिन थंड करणारं पाणी खेचणारं रबरी पात्यांचं चाक) शेवटचा कधी बदलला? स्टर्नड्राइव्ह असेल तर बेलोज आणि एक्झॉस्टचे राइझर कधी बदलले (हे काय, ते पुढे स्टर्नड्राइव्हच्या प्रश्नात आहे)? बिलं आहेत का? कागद विकणाऱ्याच्याच नावावर आहेत का? पाण्यात चालवून दाखवाल का?

सगळ्यात शेवटी सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर थंड इंजिन सुरू करण्याची अडचण लपवली जात असण्याची शक्यता आहे.

«मागच्या वर्षी मस्त चालत होती, फक्त कार्ब्युरेटर साफ करायचाय» हे वाक्य जवळपास प्रत्येक बंद बोटीबरोबर ऐकायला मिळतं. काम खरंच एवढंच असतं तर विकण्याआधी त्यानेच करून घेतलं असतं. अशी बोट बंद इंजिनाची समजूनच भाव करा.

ट्रान्सम आणि स्ट्रिंगर यांचा एवढा बाऊ का करतात?

कारण बोटीत पैसे बुडतात ते तिथेच. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत. आउटबोर्डचं सगळं वजन आणि सगळा रेटा तिच्यावर येतो. स्ट्रिंगर म्हणजे तळाला लांबीच्या दिशेने बसवलेल्या तुळया, ज्या तळाला ताठ ठेवतात. जुन्या बोटींत या दोन्हींच्या आत बहुधा प्लायवूड किंवा लाकूड असतं आणि त्यावर फायबरग्लासचं कवच चढवलेलं असतं.

कवच अखंड असेपर्यंत लाकूड कोरडं राहतं. पण वर्षानुवर्षं कोणी ना कोणी स्क्रू मारत असतं: फिशफाइंडरच्या सेन्सरला दोन, शिडीला चार, खुर्चीच्या पायाला सहा. सीलंट न लावता मारलेल्या प्रत्येक स्क्रूभोवती पाणी मुरतं आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. यात पावसाचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा वाईट, कारण मीठ बुरशीला काही प्रमाणात रोखतं. म्हणूनच समुद्रात भरपूर चाललेल्या बोटीपेक्षा परसात ताडपत्रीविना पडून राहिलेली बोट आतून जास्त कुजलेली सापडते.

दुरुस्तीत इंजिन उतरवावं लागतं, एका बाजूचं कवच कापावं लागतं, कुजका भुसा कोरून काढावा लागतो, मरीन प्लायवूडचे नवे थर इपॉक्सीत बसवून पुन्हा ग्लास चढवावं लागतं. स्ट्रिंगर असतील तर आधी डेकही कापावा लागतो. मजुरी देऊन हे करवून घेतलं तर खर्च बहुतेक वेळा बोटीच्या किमतीच्या वर जातो.

लाकूड कुजलंय की नाही, ते स्वतः कसं ओळखायचं?

पूर्ण खात्री सर्व्हेअरच (बोटी तपासून रिपोर्ट देणारा जाणकार) देईल, पण बऱ्याच बोटी तुम्ही स्वतःच अर्ध्या तासात बाद करू शकता, इतक्या उघड खुणा असतात.

आधी ट्रान्सम. आउटबोर्ड अर्धवट वर उचला, मागे उभे राहून गिअरकेसच्या (इंजिनाच्या खालच्या, प्रोपेलर असलेल्या भागाच्या) टोकाला धरा आणि वर-खाली जोर लावा. दुसऱ्या माणसाने ट्रान्समच्या वरच्या कडेवर नजर ठेवावी. इंजिन आणि बोट एकजीव हलली पाहिजेत. ट्रान्सम वाकताना दिसला, भेग उघडमीट करताना दिसली किंवा फटीतून पाणी पाझरलं, तर बघणं तिथेच थांबवा. इंजिनाच्या बोल्टांचे वॉशर आत रुतलेत का, तेही पाहा. ते मऊ लाकडाचं लक्षण आहे.

मग ठोकून बघा. प्लॅस्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ चालेल. ट्रान्समच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे पाणी पोहोचण्याची शक्यता कमी, तिथून सुरुवात करा म्हणजे चांगला आवाज कानात बसेल. तो टणक आणि स्वच्छ येतो. तिथून ड्रेन प्लगकडे (आतलं पाणी काढायच्या भोकाच्या बुचाकडे), सेन्सरच्या स्क्रूंकडे, इंजिनाच्या बोल्टांच्या खालच्या बाजूला सरका. आवाज बद्द झाला की तिथलं लाकूड ओलं तरी आहे किंवा कवचापासून सुटलं तरी आहे.

डेकवर बूट काढून टाचेवर भार देत चाला. खुर्च्यांच्या पायांजवळ, मागच्या बाजूला ट्रान्समच्या पुढे आणि लॉकरच्या झाकणांच्या कडांना जास्त वेळ द्या. दबल्यासारखं वाटलं तर निदान डेकचं प्लायवूड गेलंय, आणि त्याखालच्या स्ट्रिंगरवर विश्वास ठेवायला काही कारण उरत नाही. नवा कोरा कार्पेट पाहून खूश होऊ नका, त्याच्या खाली काय आहे ते विचारा.

मालकाने परवानगी दिली तर ट्रान्समच्या खालच्या भागातला एखादा स्क्रू काढा. ओला, काळपट भुगा आला किंवा थेंब ओघळले, तर निकाल लागला. बघून झालं की स्क्रू सीलंट लावून परत बसवा.

आणखी एक साधी, पण फार कमी लोक वापरतात ती चाचणी म्हणजे वजनकाटा. जुन्या बोटींत डेकखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तो पाणी शोषून बसला तर बोट शेकडो किलोंनी जड होते आणि ते पाणी सुकत नाही. बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर घ्या. त्यातून ट्रेलर, इंजिन, बॅटरी, सामान आणि पेट्रोल वजा करा. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो धरा. उरलेलं वजन निर्मात्याने दिलेल्या नुसत्या बोटीच्या वजनापेक्षा 150-200 किलो जास्त भरलं, तर ते पाणी आहे असंच समजा.

बाहेरून दिसणाऱ्या भेगा आणि फोड किती गंभीर?

जेलकोट म्हणजे सगळ्यात वरचा रंगीत थर. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा त्या थरापुरत्या असतील तर त्या दिसायलाच वाईट. पण ट्रान्समच्या कोपऱ्यांपासून निघालेल्या, तळाच्या मधल्या कण्याला समांतर किंवा स्ट्रिंगरच्या रेषेत धावणाऱ्या भेगा म्हणजे आतला सांगाडा लवतोय. नख अडकतं का बघा आणि आजूबाजूला ठोका.

पाण्यात कायम उभ्या राहणाऱ्या बोटींच्या तळाला फोड येतात. थोडेसे, नाण्याएवढे फोड असतील तर भाव कमी करायला उपयोगी. तळभर असतील तर जेलकोट सोलून, महिनोन्‌महिने सुकवून नवा थर द्यावा लागतो. ट्रेलरवर राहिलेल्या बोटीला सहसा हा त्रास नसतो.

एकाच भागाचा रंग वेगळा दिसला, विशेषतः तळाच्या पुढच्या टोकाला, तर आपटल्याची चौकशी करा.

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. मग चांगलंच असणार ना?

सुरू होणं ही फक्त पहिली पायरी. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन गरम करा, सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशन तोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून काटा वर चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा. आकडा इंजिनागणिक बदलतो. जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये तो बहुधा 90 ते 130 पीएसआयच्या दरम्यान असतो. पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सगळे एकमेकांच्या 10 टक्क्यांत असतील तर उत्तम, 15 टक्क्यांच्या पुढे गेले तर कारण शोधावं लागेल. फोर-स्ट्रोकमध्ये कमी भरलेल्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

काढलेले प्लग फेकू नका, ओळीने मांडून वाचा. एकच प्लग गंजलेला किंवा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या सिलिंडरात पाणी शिरतंय.

मग गिअर ऑइल. इंजिन काही तास उभं ठेवलेलं असेल तर पाणी तळाशी बसतं, म्हणून खालचा स्क्रू किंचित सैल करून पहिले काही थेंब बघा. दुधाळ तेल म्हणजे सील गेलंय. स्क्रूच्या चुंबकावर बारीक राखाडी मळ चालतो, पण चकाकणाऱ्या कपच्या चालत नाहीत.

चालू असताना मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार जोरात पडली पाहिजे. धार नसेल तर इंजिन ताबडतोब बंद करा. जमिनीवर इंजिन चालवायचं तर फ्लशिंग मफ्स (पाणी घेणाऱ्या भोकांवर बसणाऱ्या, पाण्याची नळी जोडलेल्या रबरी वाट्या) लावून पाणी सोडल्यावरच. कोरडं चालवलं तर इम्पेलरच्या रबरी पात्या काही सेकंदांतच जळायला लागतात.

इंजिनाचे तास किती असले तर चालतील?

हौशी मालक वर्षाला 50 तासांच्या आसपास बोट चालवतो. वेळच्या वेळी देखभाल झालेलं पेट्रोल आउटबोर्ड दीड-दोन हजार तास सहज काढतं. त्यामुळे 15 वर्षांत 700 तास यात वावगं काही नाही. उलट 20 वर्षांत 120 तास असतील तर सावध व्हा: इंजिन बहुतेक काळ पडून होतं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर, कडक झालेली सीलं आणि अडकलेल्या रिंगा. मीटर बदललेलाही असू शकतो. बिलांवर तास लिहिलेले असतात, त्यांच्याशी ताडून पाहा.

टू-स्ट्रोक घ्यावं की फोर-स्ट्रोक? आणि सुट्या भागांचं काय?

जुनं कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक हलकं, साधं आणि घरच्या हत्यारांनी उघडता येणारं असतं. पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. पुष्कळ मॉडेल्सना 50 भाग पेट्रोलला 1 भाग तेल, म्हणजे 25 लिटरला अर्धा लिटर. धूर, आवाज आणि पेट्रोल जास्त. काही ठिकाणच्या तलावांवर अशा इंजिनांना बंदी असते, ते आधी विचारा. फोर-स्ट्रोक शांत आणि काटकसरी, पण जड. टू-स्ट्रोकसाठी बनलेल्या जुन्या ट्रान्समवर मोठं फोर-स्ट्रोक टांगलं तर मागची बाजू बसते आणि पाणी आत येतं.

भागांचा प्रश्न मात्र नीट हाताळा. यामाहा, मर्क्युरी, सुझुकी, होंडा, टोहात्सू यांच्या खपाऊ मॉडेल्सचे नेहमी लागणारे भाग सहज मिळतात. एव्हिनरूड आणि जॉन्सन बनवणाऱ्या ओएमसी या अमेरिकी कंपनीने डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पुढे बीआरपी या कॅनडाच्या कंपनीने एव्हिनरूड चालू ठेवलं आणि 2020 मध्ये उत्पादन बंद केलं. तरीही त्यांच्या जुन्या साध्या टू-स्ट्रोकचे बरेच भाग मिळतात. अडचण येते ती 1990 च्या दशकाच्या शेवटी आलेल्या त्यांच्या पहिल्या फिच्ट डायरेक्ट-इंजेक्शन इंजिनांमध्ये, आणि ओएमसीच्या स्टर्नड्राइव्हमध्ये. पहिल्या बोटीवर ते नकोत. सौदा करण्याआधी इंजिनाचा सीरियल नंबर घेऊन इम्पेलर किट, थर्मोस्टॅट आणि इग्निशन कॉइल मिळतात का, एवढं विचारून बघा.

स्टर्नड्राइव्हची बोट स्वस्त मिळतेय. नेमकं काय तपासू?

बेलोज आधी. ड्राइव्हच्या सांध्याभोवती रबराच्या घड्यांच्या नळ्या असतात. त्या फाटल्या की पाणी थेट बोटीत येतं आणि पाण्यात उभी असलेली बोट रातोरात बुडू शकते. ड्राइव्ह वर उचलून घड्या बोटांनी उघडा आणि तळाशी चिरा शोधा. तारखेचा पुरावा नसेल तर बदलायचेच आहेत असं धरा. खाऱ्या पाण्यात 2-3 वर्षं, नाहीतर फार तर 5.

बेलोजमधून पाणी शिरलं की पहिला बळी गिम्बल बेअरिंगचा (ड्राइव्हकडे जाणारा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगचा). मफ्स लावून इंजिन चालू ठेवा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरवा. गुरगुर ऐकू आली तर बेअरिंग गेलंय.

दुसरं मोठं खर्चाचं ठिकाण म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि राइझर. इंजिनाचा गरम धूर आणि थंड करणारं पाणी इथे शेजारी-शेजारी वाहतात, मध्ये असते फक्त बिडाची भिंत. समुद्राचं पाणी थेट फिरवणाऱ्या इंजिनात ती साधारण 5 ते 7 वर्षांत आतून खाल्ली जाते. भोक पडलं की पाणी सिलिंडरात, आणि पाणी दाबलं जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेरून सगळं रंगवलेलं आणि छान दिसत असतं. राइझर काढून आत पाहणं हाच खरा उपाय. गोड्या पाण्यात ते कितीतरी जास्त टिकतात. हीट एक्स्चेंजर असलेली बंद कूलिंग व्यवस्था असेल तर ब्लॉक वाचतो, पण राइझरमधून बाहेरचंच पाणी जातं.

कडाक्याची थंडी पडणाऱ्या भागातली बोट असेल तर ब्लॉकच्या बाजूंवर टॉर्च मारा. आत राहिलेलं पाणी गोठून ब्लॉक फुटतो. आडवी गंजरेषा किंवा इपॉक्सीचं ठिगळ दिसलं की मागे फिरा. डिपस्टिकवरचं तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसत असेल तरी तेच.

एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या पोटात साचते. म्हणून आतल्या इंजिनाचा स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर आणि पेट्रोल पंप ठिणगी बाहेर न पडणारे, मरीन प्रकारचेच असावे लागतात. जुन्या मालकाने पैसे वाचवायला गाडीचे भाग लावलेले अनेकदा सापडतात. ते बसतात, चालतात आणि एक दिवस स्फोट होतो. कार्ब्युरेटरवर गाडीचा एअर फिल्टर नको, फ्लेम अरेस्टर (ज्वाला बाहेर येऊ न देणारी धातूची जाळी) हवा. ब्लोअर (आतली वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालतो का पाहा. इंजिन सुरू करण्याआधी तो 4 मिनिटं चालवायचा असतो.

पेट्रोलची टाकी आणि नळ्या?

डेकखाली बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी ओल्या फोमला टेकून गंजते, आणि ती बदलायची म्हणजे डेक कापायचा. टाकीच्या झाकणातून नाकाने तपासा: वॉर्निशसारखा वास म्हणजे पेट्रोल जुनं. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटात, पेट्रोलचा जरासाही वास आला तर कारण सापडेपर्यंत इंजिन सुरू करू द्यायचं नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि पाणी फार झालं की दोन थरांत वेगळं होतं. त्याने जुन्या नळ्याही आतून सुटतात. नळीवर छापलेलं वर्ष पाहा, 10 वर्षांपलीकडची असेल तर बदलायच्या यादीत टाका. आउटबोर्ड वेगात गेल्यावर दम तोडत असेल तर एका छोट्या सुट्या टाकीवर चालवून बघा. नीट चाललं तर दोष टाकी-नळ्यांत, इंजिनात नाही.

वायरिंग पाहिल्यावर काही कळत नाही. थोडक्यात काय बघू?

डॅशबोर्डखाली डोकवा. पीळ देऊन टेप गुंडाळलेले सांधे, घरात वापरतात तसल्या वायरी, फ्यूजशिवाय बॅटरीवर अडकवलेल्या पाच-सहा तारा: हे सगळं बदलावं लागेल. एखादं टोक सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलं असेल तर वायर संपली. बोटीसाठी कथिलाचा मुलामा दिलेली वायर असते.

मल्टीमीटर सोबत न्या. विश्रांतीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास, स्टार्टर फिरताना 9.6 च्या खाली नको, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5. बिल्ज पंपाचा फ्लोट हाताने उचलून पंप सुरू होतो का तेही बघा, मुख्य स्विच बंद असताना.

स्टिअरिंग जड आहे. ग्रीस लावून सुटेल का?

नाही. केबल बदला. जड केबल आतून गंजलेली असते आणि एखाद्या दिवशी वेगात असताना तुटते. हायड्रॉलिक असेल तर चाकामागे आणि सिलिंडरच्या दोन्ही टोकांना तेलाची ओल शोधा. गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होता कामा नये, आणि किल स्विचची दोरी ओढल्यावर ते क्षणात बंद पडलं पाहिजे. दोन्ही करून बघा.

खुर्च्या फाटल्यात, रंग उडालाय. घ्यावी का?

अशीच शोधा. फाटक्या रेक्झिनमुळे भाव पडतो आणि ते शिवून घेता येतं.

ट्रेलर किती महत्त्वाचा?

घरी आणताना बहुतेक बोटी ट्रेलरमुळेच रस्त्यात अडकतात. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी 6-7 वर्षांपुढचे टायर बदला. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला किंवा फिरवताना खरखर आली तर बेअरिंग गेलं. स्प्रिंगच्या पट्ट्या आणि अ‍ॅक्सलच्या खालची बाजू गंजासाठी तपासा. ट्रेलरच्या पाटीवरची क्षमता बोट, इंजिन, पेट्रोल आणि सामान धरून पुरते का, याचा हिशेब करा. पुढच्या हुकवर एकूण वजनाच्या साधारण 10 टक्के भार यावा, कमी असेल तर ट्रेलर मागे वळवळतो. पहिल्या 15-20 किलोमीटरला थांबून हबला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर पुढे जाऊ नका.

पाण्यात चाचणी कशी घ्यावी?

किमान 45 मिनिटं, आणि इंजिन थंड असताना सुरुवात. आधी संथ वेगात गिअर पुढे-मागे टाका: एकच स्पष्ट ठक् आवाज हवा, खरखर नको. मग वेग द्या. बोट काही सेकंदांत नाक खाली घेऊन पाण्यावर चढली पाहिजे. मोकळं पाणी बघून पूर्ण थ्रॉटलवर एखादा मिनिट चालवा आणि आरपीएम नोंदवा. निर्मात्याने दिलेल्या पट्ट्यात, अनेक आउटबोर्डना 5000 ते 6000, तो यायला हवा. खूप कमी आला तर प्रोपेलरची पिच (एका फेरीत तो जितकं पुढे सरकतो ते अंतर) जास्त आहे, इंजिन कमजोर आहे किंवा बोट पाण्याने जड झालीय. एक इंच पिच कमी केली की साधारण 150-200 आरपीएम वाढतात. त्यावरून प्रोपेलरचा दोष की आणखी काही, याचा अंदाज येतो.

मग दोन्ही बाजूंना जोरात वळवा, ट्रिम (इंजिनाचा किंवा ड्राइव्हचा कोन) पूर्ण वर-खाली करा, तापमानाचा काटा एका जागी स्थिर राहतो का पाहा. शेवटी इंजिन बंद करून 10 मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. गरम असताना सुरू न होणारी इंजिनं इथेच पकडली जातात. धक्क्याला परतल्यावर लगेच बिल्ज उघडा आणि आलेलं पाणी कुठून आलं ते शोधा.

स्वस्तातल्या बोटीला सर्व्हेअर लावणं परवडतं का?

ज्या किमतीला ट्रान्सम दुरुस्त होतो तिच्यापुढे सर्व्हेअरची फी किरकोळ असते. तो तुम्ही नेमलेला हवा. विकणाऱ्याने दाखवलेला जुना रिपोर्ट नुसता वाचायला ठीक. सर्व्हेअर बोट पाण्याबाहेर पाहतो, ओलाव्याचं मीटर लावतो. इंजिन मात्र तो खोलात तपासत नाही, त्यासाठी वेगळा मेकॅनिक लागतो. जुन्या बोटीला विमा देताना अनेक कंपन्या सर्व्हे रिपोर्ट मागतातच.

कागदपत्रांत काय ताडून बघायचं?

बोटीचा ओळख क्रमांक ट्रान्समच्या बाहेरच्या बाजूला, वरच्या उजव्या कोपऱ्यात कोरलेला असतो. अमेरिकेत तो नोव्हेंबर 1972 पासून सक्तीचा आहे आणि 12 अक्षरांचा असतो. पहिली तीन अक्षरं निर्मात्याची. ऑगस्ट 1984 नंतरच्या बोटींत शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत सुरुवातीला देशाचा संकेत लागतो. हा क्रमांक, इंजिनाचा सीरियल नंबर आणि ट्रेलरचा नंबर तिन्ही कागदांशी जुळले पाहिजेत. खोडलेला किंवा रंगाखाली गेलेला क्रमांक म्हणजे चोरीची शंका. कर्ज बाकी आहे का, हे नोंदणी कार्यालयात विचारा. कर्ज बोटीबरोबर तुमच्याकडे येऊ शकतं.

भाव कसा करावा?

हातातल्या रकमेचे चार भाग करा आणि तीन भागांच्या आतली बोट शोधा. चौथा भाग पहिल्या वर्षीच लागतो. सौदा लेखी करा: सर्व्हे आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक न झाल्यास आगाऊ रक्कम परत. सापडलेल्या प्रत्येक दोषापुढे दुरुस्तीचा खर्च लिहून यादी समोर ठेवा. नुसत्या «थोडं कमी करा ना» पेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. फुकट मिळणाऱ्या बोटीला मात्र हात लावू नका, तिची विल्हेवाट लावायलाही पैसे पडतात.

घेतल्यावर सगळ्यात आधी काय बदलायचं?

विकणाऱ्याने काहीही सांगितलेलं असो: इम्पेलर, गिअर ऑइल आणि त्याच्या स्क्रूंचे वॉशर, इंजिन ऑइल व फिल्टर, स्पार्क प्लग, पाणी वेगळं करणारा पेट्रोल फिल्टर आणि अ‍ॅनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू गंजण्यापासून वाचवणारे तुकडे). जुन्या इम्पेलरची एखादी पाती तुटलेली निघाली तर तो तुकडा पाण्याच्या मार्गात पुढे कुठेतरी अडकलाय. तो सापडेपर्यंत काम संपलं असं समजू नका. अ‍ॅनोड खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. अर्धे झिजले की बदलायचे. त्यांच्यावर रंग मारलेला आढळला तर ते काम करत नव्हते.

सोबत कोणती साधनं असावीत?

प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, अग्निशामक, हॉर्न, टॉर्च, बादली, वल्हं, मरीन व्हीएचएफ रेडिओ. संकटाच्या हाकेसाठी चॅनेल 16. नांगराला पुढे 4-5 मीटर साखळी लावा. दोर खोलीच्या सातपट सोडायचा आणि खोलीत बोटीच्या नाकाची उंचीही धरायची: 4 मीटर पाणी आणि 1 मीटर उंची असेल तर 35 मीटर. दिव्यांत डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. समोरून येणाऱ्या बोटीला वाट कोणी द्यायची याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 चे आहेत, ते पाण्यात जाण्याआधी वाचा. स्थानिक परवान्याची आणि नोंदणीची अट वेगळी.

पहिल्यांदा उतरवताना लोक काय विसरतात?

ड्रेन प्लग. तो लावूनच रॅम्पवर मागे या आणि जादा प्लग किल्लीच्या कडीला बांधून ठेवा. त्यानंतर ट्रान्समचे पट्टे सोडायला, वर उचललेलं इंजिन खाली घ्यायला आणि दोर हातात धरायला विसरतात. बोट तरंगायला लागली की ट्रेलरवरून पूर्ण सोडण्याआधी बिल्ज उघडून दोन मिनिटं पाणी येतंय का ते बघा. येत असेल तर बोट अजून ट्रेलरवरच आहे, वर ओढून घ्या.